फुली केव्हा दिसेनाशी होते?

'अभिक्रियाकारकांची संहती वाढवली तर रासायनिक अभिक्रियेचा वेग का वाढतो?' हा प्रश्न बहुधा दोन गुणांना येतो. त्याचे उत्तरही ठरून गेलेले आहे. संहती वाढली की तेवढ्याच आकारमानात रेणूंची संख्या वाढते, त्यामुळे त्यांच्या टकरी वाढतात आणि वेग वाढतो. एवढे लिहिले की दोन्ही गुण मिळतात.

उत्तर चूक नाही. पण ते लिहिणाऱ्या मुलाला आपण आणखी एकच प्रश्न विचारून पाहावा: संहती दुप्पट केली तर वेग किती पट होईल? बहुतेक मुले म्हणतात, दुप्पट. काही हुशार मुले समीकरणाकडे पाहतात, रेणूंपुढचा आकडा हेरतात आणि म्हणतात, तिथे २ आहे, म्हणजे चौपट. 'समीकरण पाहून सांगता येणार नाही, करून पाहावे लागेल,' असे म्हणणारा विद्यार्थी आम्हाला अजून भेटायचा आहे. खरे उत्तर मात्र तेच आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत ते करून पाहायचा एक जुना, स्वस्त आणि देखणा प्रयोग आहे. तो आपल्यापैकी अनेकांनी केला असेल. त्यातल्या एका खाचखळग्यात आम्ही स्वतः पडलो होतो, म्हणून तो इथे जरा सविस्तर मांडतो.

प्रयोगाला लागते सोडियम थायोसल्फेट. फिल्मच्या कॅमेऱ्यांच्या काळात फोटो स्टुडिओत ते 'हायपो' या नावाने असायचे. शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानांतही पाण्यातला क्लोरीन घालवण्यासाठी त्याचे पांढरे स्फटिक मिळतात. ४० ग्रॅम स्फटिक पाण्यात विरघळवून एक लिटर द्रावण करायचे. दुसरे द्रावण २ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचे. पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने ठळक फुली काढायची, तिच्यावर चंचुपात्र ठेवायचे, त्यात ५० मिलिलिटर हायपो घालायचे, मग ५ मिलिलिटर आम्ल ओतून घड्याळ सुरू करायचे आणि वरून पाहत राहायचे. सुरुवातीला काहीच होत नाही. मग द्रावणात फिकट निळसर झाक येते, ती दुधाळ होते, पिवळट होते आणि पाहता पाहता फुली दिसेनाशी होते. त्या क्षणी घड्याळ थांबवायचे. हायपो आणि आम्ल यांच्या अभिक्रियेत मीठ, पाणी, सल्फर डायऑक्साइड आणि गंधक तयार होतात. फुली झाकते ती या गंधकाच्या बारीक कणांमुळे.

पुढच्या वेळी ४० मिलिलिटर हायपो आणि १० मिलिलिटर पाणी घ्यायचे. मग ३० आणि २०, २० आणि ३०, शेवटी १० आणि ४०. दर वेळी आम्ल ५ मिलिलिटरच. एकूण आकारमान दर वेळी ५५ मिलिलिटर राहते आणि हायपोची संहती मात्र पाचास एक इतकी खाली येते.

आता समजा पहिल्या खेपेला ३० सेकंद लागले. वेग संहतीच्या सम प्रमाणात असेल तर पुढच्या खेपांना साडेसदतीस, ५०, ७५ आणि १५० सेकंद लागायला हवेत. प्रत्यक्ष वाचने याच्या आसपास येतात, तंतोतंत येत नाहीत. सर्वांत विरल द्रावणाचे वाचन सर्वांत बेभरवशाचे असते, कारण तिथे फुली एकदम नाहीशी न होता रेंगाळत पुसट होत जाते. एकाला ती दिसत असते तेव्हा शेजारच्याला दिसत नसते. म्हणून पाचही खेपांना एकाच मुलाने पाहावे. त्याचे डोळे चष्म्याचे असोत वा बिनचष्म्याचे, चूक निदान सगळीकडे सारखी होईल.

इथे पहिली अडचण येते ती आलेखाची. मुले संहतीसमोर वेळ मांडतात. बिंदू खाली उतरणाऱ्या वक्रावर येतात आणि मुले पट्टी लावून त्यांतून सरळ रेषा ओढतात! वेळ म्हणजे वेग नव्हे, हे त्यांना इथे थांबवून सांगितले पाहिजे. पाचही खेपांना फुली झाकायला लागणारे गंधक साधारण सारखेच असते. तेवढेच काम निम्म्या वेळात झाले तर वेग दुप्पट. म्हणून वेळेचा गुणाकार व्यस्त घ्यायचा. दशांशाचा त्रास नको असेल तर १००० ला सेकंदांनी भागावे. वरच्या उदाहरणात ३३.३, २६.७, २०, १३.३ आणि ६.७ असे आकडे मिळतात. ते संहतीसमोर मांडले की आरंभबिंदूतून जाणारी सरळ रेषा मिळते. दुसरेही एक लक्षात असू द्यावे: फुली झाकली जाते तेव्हा हायपोचा थोडासाच भाग संपलेला असतो. तेवढ्या वेळात त्याची संहती फारशी घटत नाही, म्हणूनच एका आकड्याने वेग सांगता येतो.

आता खाचखळग्याकडे वळू. एका शाळेत हा प्रयोग आम्ही दोन वर्गांसाठी लावला होता. सूचना फळ्यावर घाईत लिहिल्या होत्या आणि त्यात पाण्याचा रकाना राहून गेला. चूक आमचीच होती. एका गटाने प्रामाणिकपणे ५०, ४०, ३०, २० आणि १० मिलिलिटर हायपो घेतले, पाणी न घालता प्रत्येकात ५ मिलिलिटर आम्ल ओतले आणि वेळा नोंदवल्या. त्यांचा आलेख पाहून आम्ही चक्रावलो. तो बिघडलेला नव्हता. इतर गटांसारखीच छान सरळ रेषा आली होती! वही तपासणारा कोणीही त्यांना पैकीच्या पैकी गुण देऊन मोकळा झाला असता.

पण जरा हिशेब करू. पाणी घातले नाही तर पहिल्या पात्रात ५५ मिलिलिटरमध्ये ५० मिलिलिटर हायपो, शेवटच्यात १५ मिलिलिटरमध्ये १०. म्हणजे संहतीचे गुणोत्तर पाचास एक नाहीच. मोठी संहती लहानीच्या दीडपटसुद्धा नाही, जेमतेम १.३६ पट आहे. मग वेळ पाचपट कशी वाढली?

याचे उत्तर रसायनात कमी आणि आपण पाहतो कसे त्यात जास्त आहे. वरून पाहताना डोळा आणि फुली यांच्यामध्ये एकूण किती गंधक आले यावर फुली झाकणे अवलंबून असते. ते गंधक उथळ थरात दाटीने आहे की खोल थरात विरळ पसरले आहे, याने ढोबळमानाने फरक पडत नाही. आता पात्रात दर सेकंदाला एकूण किती गंधक तयार होते? वेग संहतीच्या सम प्रमाणात असेल तर द्रावणात पाणी घालून आकारमान दुप्पट केल्यावर प्रत्येक मिलिलिटरमधला वेग निम्मा होतो, पण मिलिलिटर दुप्पट होतात. एकूण गंधक तेवढेच! म्हणजे पाणी घाला वा घालू नका, एकूण गंधक पात्रातल्या एकूण हायपोवर ठरते आणि हायपो दोन्ही पद्धतींत १०, २०, ३०, ४०, ५० मिलिलिटर असेच होते. त्या गटाची रेषा सरळ आली ती यामुळे. त्यांनी हायपोची राशी बदलली होती, संहती जवळजवळ तशीच होती. अभिक्रिया सम प्रमाणाऐवजी वर्गाच्या नियमाने चालली असती तर दोन पद्धतींचे आलेख वेगळे आले असते आणि चूक तिथल्या तिथे उघडी पडली असती.

यातून आमच्यापुढे जरा अवघड प्रश्न उभा राहिला. पाणी घालून केलेल्या बरोबर प्रयोगातही राशी आणि संहती दोन्ही एकत्रच बदलतात. मग वेग संहतीवर अवलंबून आहे, नुसत्या राशीवर नाही, हे मुलांना दाखवायचे कसे? पुस्तकातल्या व्याख्येवर भिस्त ठेवायची की डोळ्यांनी दाखवायचे?

उपाय सोपा निघाला. वरून पाहण्याऐवजी बाजूने पाहायचे. सपाट बुडाच्या, उभट, अगदी सारख्या दोन काचेच्या बाटल्या घ्याव्यात. पहिलीत ८ मिलिलिटर हायपो आणि २ मिलिलिटर आम्ल. दुसरीत ८ मिलिलिटर हायपो, ८ मिलिलिटर पाणी आणि ४ मिलिलिटर आम्ल. हायपोची राशी दोन्हींत सारखी. आम्लाची संहतीही सारखी, कारण दोन्हींत आकारमानाचा पाचवा भाग आम्ल आहे. फरक एकच: दुसरीत हायपोची संहती पहिलीच्या निम्मी. बाटल्यांच्या मागे, द्रावणाच्या पातळीच्या खाली येईल अशी फुली चिकटवून आडवे पाहिले तर प्रकाशाला दोन्ही बाटल्यांत सारख्याच जाडीच्या द्रावणातून जावे लागते. आता पहिल्या बाटलीमागची फुली आधी नाहीशी होते, दुसरीमागची साधारण दुप्पट वेळाने. हाच प्रयोग पुन्हा करून, बाटल्या फुल्यांवर ठेवून वरून पाहिले तर दोन्ही फुल्या जवळपास एकाच वेळी झाकतात. दोन गटांना एकाच वेळी, एकाला वरून आणि दुसऱ्याला बाजूने पाहायला सांगावे आणि मग त्यांचे भांडण लावून द्यावे. तास कसा गेला ते कळत नाही.

आता आम्लाकडे येऊ. समीकरणात हायपोचा एक रेणू आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन रेणू येतात. हुशार मुलाच्या हिशेबाने आम्ल दुप्पट केल्यावर वेग चौपट व्हायला हवा. हायपो ५० मिलिलिटरच ठेवून एकदा २ मोलर आम्ल ५ मिलिलिटर घालावे, एकदा तेच निम्म्याने विरल केलेले १ मोलर आम्ल ५ मिलिलिटर. आकारमान तेच, हायपो तेच. वेळेत फारसा फरक पडत नाही. चौपट तर नाहीच, दुप्पटसुद्धा नाही. मुलांना वाटते आपले चुकले. ती पुन्हा करून पाहतात. तेच येते.

फळ्यावरचे समीकरण आणि पात्रातले द्रव यांचे असे पटेनासे होते तेव्हा मुले हमखास फळ्याची बाजू घेतात. 'अपेक्षित' वाचन लिहून मोकळी होतात. त्यांना दोष देता येत नाही, कारण ती सवय त्यांना आपणच लावलेली असते.

समीकरण हा जमाखर्च आहे. काय किती गेले आणि काय किती आले, एवढेच ते सांगते. प्रवास कोणत्या रस्त्याने झाला, कुठे खोळंबा झाला, हे त्यात नसते. पुष्कळशा अभिक्रिया एका टकरीत पुऱ्या होत नाहीत. त्या टप्प्याटप्प्यांनी होतात आणि त्यातला सर्वांत संथ टप्पा साऱ्या अभिक्रियेचा वेग ठरवतो. आपल्या प्रयोगातले टप्पे बरेच गुंतागुंतीचे आहेत. गंधकाचे अणू एकेक करून साखळीत जोडले जातात, त्यांची आठ अणूंची कडी बनतात, मग कण वाढतात. म्हणून समजावून सांगायला याहून स्वच्छ उदाहरण घेऊ.

नायट्रोजन डायऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड यांच्यापासून नायट्रिक ऑक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड बनतात. समीकरणात प्रत्येकाचा एकेकच रेणू आहे. पण साधारण २२५ अंश सेल्सिअसच्या खाली ही अभिक्रिया केली तर कार्बन मोनॉक्साइडची संहती कितीही वाढवा, वेग हलत नाही. नायट्रोजन डायऑक्साइडची दुप्पट केली की मात्र वेग चौपट होतो. कारण असे: पहिल्या टप्प्यात नायट्रोजन डायऑक्साइडचे दोन रेणू एकमेकांवर आदळतात आणि एका रेणूचा ऑक्सिजन अणू दुसऱ्याकडे जातो. हा टप्पा संथ आहे. त्यातून तयार झालेला तीन ऑक्सिजनवाला रेणू कार्बन मोनॉक्साइड भेटताच आपला जादा अणू झटपट देऊन टाकतो. खोळंबा पहिल्या टप्प्यात आहे आणि कार्बन मोनॉक्साइड तिथे हजरच नसतो. एस.टी.च्या थांब्यावर गाडीच आली नसेल तर रांगेत आणखी पन्नास माणसे उभी राहिल्याने गाडी लवकर सुटत नाही, तसेच हे.

दोन सारखे रेणू भेटायचे असतील तर वेग चौपट का, हेही वर्गात खेळून दाखवता येते. मैदानात चौकट आखून दहा मुलांना डोळे बांधून हळूहळू फिरायला सांगावे आणि मिनिटभरात किती धक्के लागले ते मोजावे. मग त्याच चौकटीत वीस मुले सोडावीत. प्रत्येकाला बसणारे धक्के सुमारे दुप्पट होतात आणि धक्के खाणारेही दुप्पट. आकडा नेमका चौपट येणार नाही, पण दुप्पट नक्कीच नाही हे कळते.

हे सगळे माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक होते असे नाही. १८५० साली जर्मनीत लुडविग विल्हेल्मी यांनी साखरेच्या आम्लयुक्त द्रावणावर काम केले. आम्लात उसाच्या साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते. मूळ साखर ध्रुवित प्रकाशाचे प्रतल उजवीकडे वळवते, तयार झालेले मिश्रण डावीकडे. त्यामुळे द्रावणाला हात न लावता, नुसता प्रकाश आरपार पाठवून, साखर किती उरली ते कोणत्याही क्षणी वाचता येत होते. विल्हेल्मी यांना दिसले की कोणत्याही क्षणीचा वेग त्या क्षणी उरलेल्या साखरेच्या सम प्रमाणात असतो, आणि त्यांनी ते गणितात मांडले. अनेक वर्षे त्याकडे कोणी लक्ष दिले नाही. १८६४ मध्ये नॉर्वेतले गुल्डबर्ग आणि वागे यांनी संहती आणि वेग यांचा नियम मांडला. एक गणिती, एक रसायनशास्त्रज्ञ, आणि नात्याने मेहुणे. तो निबंध नॉर्वेजियन भाषेत असल्याने तोही बराच काळ दुर्लक्षितच राहिला. १८८४ साली व्हॅन्ट हॉफ यांचा रासायनिक गतिकीवरचा ग्रंथ आला आणि मग हा विषय उभा राहिला. रसायनशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक १९०१ मध्ये मिळाले ते याच व्हॅन्ट हॉफ यांना.

बारावीच्या विद्यार्थ्यांना हे 'कोटी' या नावाने भेटते. संहती दुप्पट केल्यावर वेग दुप्पट झाला तर त्या अभिक्रियाकारकाच्या बाबतीत कोटी एक, चौपट झाला तर दोन, बदललाच नाही तर शून्य. शून्य कोटी मुलांना विचित्र वाटते. त्यांना पिठाच्या गिरणीचे उदाहरण पटते. गिरणीपुढे पाच डबे असोत की पन्नास, जाते तासाला दळायचे तेवढेच दळते. आपल्या यकृतात मद्यार्काचे असेच होते. त्याचे विघटन करणारी यंत्रणा थोड्याशा मद्यार्कानेच पूर्ण गुंतून जाते. त्यापुढे रक्तातले प्रमाण कितीही असो, ते जवळपास ठराविक गतीने उतरते, सरासरीने तासाला १०० मिलिलिटर रक्तामागे १५ मिलिग्रॅमच्या आसपास. आपल्याकडे वाहन चालवणाऱ्यासाठी कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. रात्री १५० मिलिग्रॅमवर असलेल्या माणसाला तिथवर यायला सुमारे आठ तास लागतात. चार तास झोप काढून, कॉफी पिऊन सकाळी गाडीवर बसणाऱ्याच्या रक्तात तेव्हाही ९० मिलिग्रॅम असते. मोठ्या विद्यार्थ्यांना हे गणित करायला जरूर द्यावे.

प्रयोग करताना काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. तापमानाने वेग फार बदलतो. दहा अंशांनी वाढले तर बहुतेकदा दुपटीच्या घरात जातो. म्हणून उन्हातल्या खिडकीजवळच्या बाकावर एक आणि सावलीत दुसरी खेप असे करू नये आणि सगळे पाणी एकाच बादलीतले घ्यावे. काचेवर गंधकाचा पातळ थर चिकटतो. पुढच्या खेपेआधी पात्र चोळून धुतले नाही तर फुली अर्धी झाकलेलीच असते. सल्फर डायऑक्साइडचा वास उग्र असतो. खिडक्या उघड्या ठेवाव्यात, पात्रावर तोंड नेऊन पाहू देऊ नये आणि दम्याचा त्रास असलेल्या मुलाला घड्याळ सांभाळायचे काम देऊन लांब बसवावे. फुली झाकली की मिश्रण तसेच टेबलावर न ठेवता धुण्याच्या सोड्याच्या द्रावणात लगेच ओतावे, म्हणजे आम्ल मारले जाऊन अभिक्रिया थांबते. त्यासाठी सोड्याची एक बादली सुरुवातीलाच भरून खिडकीखाली ठेवावी. ओतताना फेस येतो, म्हणून ती अर्धीच भरावी.